शेवटच्या सेकंदाचा कावळा

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा नातेवाइकांनी बोल्या लावायला सुरुवात केली.

कावळा आलेला होता. नदीकाठच्या बाभळीवर बसून, मान तिरपी करून तो खालचा कार्यक्रम पाहत होता. एखादं मुरलेलं गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून भाव उतरायची वाट पाहतं तसा. खाली उन्हात भाताचे गोळे वाळत चालले होते. गुरुजींना दुपारी सेलूला आणखी एक दहावा होता, त्यामुळे ते थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांना आठवण करून देत होते, "कोणाच्या मनात काही राह्यलं असन तं बोलून टाका. जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकला आहे."

पहिली बोली बाबारावांची. ते प्रमिलाबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे वारलेल्या बंडूजींचे साळे. "बंडूजी, प्रमिलाची काळजी करू नका. मी आहो."

कावळ्याने चोच फांदीला घासली.

"दर दिवाळीले माहेरी नेईन तिले."

काही नाही.

"बरं, चारधामले नेतो."

कावळ्याने पाठ फिरवली. बाबारावांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "याच्यावर मी जाऊ शकत नाई." मग बंडूजींच्या चुलतभावाने शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं भांडण सोडल्याचं जाहीर केलं. कोणी वासरू सोडलं, कोणी तंबाखू सोडली. कावळा बाभळीवरच. गुरुजी घड्याळाकडे पाहू लागले.

मुलगा निकेश इतका वेळ मागे उभा होता. बापाचा जीव कशात अडकलाय हे तिथे एकट्या त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला चारचौघांत बोलायचं नव्हतं. शेवटी, गुरुजी दर्भाचा कावळा करायला वाकले त्या क्षणी, तो पुटपुटला, "बाबा, भोंगा परत आणतो."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

भोंगा म्हणजे सेलूच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा, हाताने फिरवायचा भोंगा. वीज गेली तरी कामगारांना पाळी संपल्याचं कळावं म्हणून ठेवलेला. लोखंडी, तेलाच्या डब्याएवढा, निळ्या मुठीचा. बंडूजींनी नोकरीभर तो फिरवला. जिनिंग बंद पडली तेव्हा कोणी पंखे नेले, कोणी खुर्च्या नेल्या. बंडूजी भोंगा घेऊन केळझरला घरी आले आणि रोज भरदुपारी बारा वाजता ओट्यावर उभे राहून तो वाजवू लागले. कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, "बारा वाजले म्हणून." बाराच्या एक सेकंद आधी नाही, एक सेकंद नंतर नाही. गावाने आधी तक्रार केली, मग घड्याळं लावून घेतली. कुत्र्यांनी सूर धरला.

निकेशचा स्वभाव उलटा. त्याच्या मते वर्षभरात हात न लागलेली वस्तू ही वस्तू नसून जागा असते. 'जुनंसोनं' नावाच्या लिलावाच्या ॲपवर त्याने घरातला कंदील विकला होता, पानदान विकलं होतं, पाटा विकला होता आणि मग वरवंटा वेगळा विकला होता. त्याची बायको प्रेरणा म्हणायची, "अजी, मी वर्षभर गप बसली तं मले बी टाकसान तुम्ही त्याच्यावर."

भोंग्याला तर रोज हात लागत होता. पण मागल्या वर्षी बंडूजी मोतीबिंदूसाठी दोन दिवस दवाखान्यात होते, तेव्हा दारावर भंगारवाला आला, आणि निकेशने भोंगा देऊन दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. बंडूजी डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतले. मोकळ्या डोळ्याने त्यांनी ओट्यावरची रिकामी जागा पाहिली, नव्या खुर्च्या पाहिल्या, त्यांतल्या एकीवर बसले आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी बाराला ते ओट्यावर गेले आणि हवेत हात फिरवून परत आले.

तेव्हापासून रोज. मूठ नाही, भोंगा नाही, आवाज नाही. नुसता हात गरगर फिरायचा. समोरचे लोक कडी लावून घ्यायचे. कुत्री मात्र अजूनही वेळेवर विव्हळत. उरलेला दिवस बंडूजी फोनमध्ये डोकं घालून बसत. घरच्यांना वाटायचं, कीर्तन ऐकतात. माघात एका दुपारी हवा फिरवून आले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तर असा तो भोंगा निकेशने दहाव्याला कबूल केला होता. आणि कबूल केलेलं राहिलं की काय होतं हे त्याला रोज दिसत होतं. तेराव्यानंतर बाराच्या सुमाराला एक कावळा येऊन अंगणाच्या भिंतीवर बसू लागला. प्रमिलाबाई पोळीचा तुकडा ठेवायच्या, तो ढुंकून बघायचा नाही. घरात बघायचा. निकेशने जागा बदलली की त्याचीही मान बदलायची.

"हा तोच आहे का?" निकेशने एकदा आईला विचारलं.

"आता सारे सारखेच दिसते रे. पण पाह्यते कसा, तुह्या बाबासारखा."

चैत्रात 'जुनंसोनं'वर भोंगा दिसला. तोच. निळी मूठ, कडेला पोचा. विकणारा तळेगावचा, किसनराव नावाचा जुन्या मालाचा व्यापारी. वर्णनात लिहिलं होतं: 'ऐतिहासिक भोंगा, आवाज खणखणीत.' लिलाव संपायची वेळ, दुपारी बारा.

निकेश निर्धास्त होता. सावंगीला कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, आणि विद्यार्थी शेवटच्या तारखेला, शेवटच्या घटकेला धापा टाकत येत. शेवटच्या सेकंदाला बटण दाबणं हा त्याचा धंदाच होता. दुकानातला भागीदार रजत याला त्याने शास्त्र समजावून सांगितलं.

"आधी बोली लावणं म्हणजे समोरच्याले उठवणं. त्याले झोपू द्याचं. दोन सेकंद राह्यले की दाबाचं. तो डोये चोळते तोवर लिलाव खतम."

"भारी आहे बे," रजत म्हणाला. तो कशालाही एवढंच म्हणायचा.

बाराला दोन सेकंद असताना निकेशने दाबलं. पडद्यावर त्याचं नाव वर गेलं. मग बारा वाजले आणि त्याचं नाव खाली आलं. वर होता 'एक सदस्य'. नाव नाही, फोटो नाही, बोली दहा रुपयांनी जास्त.

"नेट स्लो असन," रजत म्हणाला.

निकेशने हळहळून आशा सोडली, तर आठवड्याने भोंगा पुन्हा ॲपवर. त्याने तळेगावला फोन लावला.

किसनराव दमून गेले होते. "घेणाऱ्यानं पैसेच नाई टाकले, निकेशभाऊ. फोन लावला तं घंटी जाते. एक बाई उचलते. म्हणते, ते घरी नाईत."

"कधी येतीन?"

"तेच इचारलं. तं थांबली जराशीक. मंग म्हणे, सांगता येत नाई."

दुसऱ्या लिलावाला निकेशने तयारी वाढवली. दोन फोन, दोन कंपन्यांची नेटं, आणि घड्याळ सेकंदाला मिळवलेलं. या वेळी तो एक सेकंद उरेपर्यंत थांबला. फॉर्म भरायला आलेले चार विद्यार्थीही श्वास रोखून उभे होते. एक. दाबलं. नाव वर. नाव खाली. एक सदस्य.

रजतने बोल्यांची यादी उघडली. "भाऊ, हे पाह्य. त्याची बोली पडली बरोबर बाराले. तेव्हाही बाराले, आताही बाराले."

"म्हणजे?"

"म्हणजे एक सेकंद आधी नाई, एक सेकंद नंतर नाई."

रजतने हे सहज म्हटलं होतं. बंडूजींना तो कधी भेटलेला नव्हता. निकेशच्या मानेवरचे केस मात्र, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, उभे राहिले. तेवढ्यात घरून प्रेरणाचा फोन आला. "अजी, काही झालं का तिकडं? आता बाराले तो कावळा भिंतीवरून उतरून दारात आला. आत पाहून राह्यला."

"कोणाकडं?"

"आपल्या बाबांच्या फोटोकडं. मले तं भ्या वाटते बापा."

पैसे पुन्हा आले नाहीत. निकेश सरळ मुद्द्यावर आला. "किसनराव, पहिला देत नाई तं दुसऱ्या बोलीवाल्याले द्या ना. मी आहो दुसरा."

"देतो ना. मले काय, भोंगा पोसाचा आहे का? पण ॲप देऊ देत नाई. पहिल्यानं नकार दिला पाह्यजे."

"मंग घ्या नकार."

"तो देतच नाई. बाई म्हणते, ते घरी नाईत. गैरहजेरी म्हणजे नकार नाई, असं लिहून आलं मले वरून. आता तिसऱ्यांदा टाकतो. मागं जिथं थांबला तिथूनच बोली सुरू होईन. याच्यात बी नाई गेला तं माह्या कामाचा नाई. गाळाले देतो, लोखंडाच्या भावानं."

म्हणजे भोंगा भट्टीत. निकेशच्या डोळ्यांसमोर वितळलेली निळी मूठ आली आणि दारात उभा कावळा आला.

रजतचं मत पडलं की समोर माणूस नाही. "माणूस एखांद्या वेळी चुकते. शिंक येते, बायको हाक मारते. हा चुकतच नाई. हे काहीतरी दुसरं आहे."

"दुसरं म्हणजे काय?"

"मी फक्त सांगून राह्यलो. केळझरले गणपतीले नारळ फोडून बोली लाव."

निकेशने नारळ फोडला. शिवाय त्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. नेट चांगलं मिळावं म्हणून आदल्या दिवशी घरीच नवीन वायर ओढून घेतली.

वैशाखातली भरदुपार होती. आमच्याकडे भुतं रात्रीची फिरत नाहीत. रात्री लोक अंगणात झोपतात, भुतांना जागा उरत नाही. भुतांची वेळ दुपारची. रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, माणूस नाही, गाय नाही, प्रत्येक दाराला आतून कडी. जुना कूलर घरघरत होता आणि त्याचं पाणी संपत आलं होतं. निकेश बाहेरच्या खोलीत उरलेल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर फोन घेऊन बसला. दुसरी खुर्ची तेराव्याला बाबारावांच्या खाली मोडली होती. पाठीमागच्या भिंतीवर बंडूजींचा हार घातलेला फोटो. स्वयंपाकघरात प्रमिलाबाई आणि प्रेरणा भाकरी करत होत्या. दार लावलेलं होतं, पण दाराबाहेर नखांचा आवाज येत होता.

या वेळी निकेशने दहा-वीस रुपयांचा खेळ ठेवला नाही. नव्या कूलरसाठी ठेवलेली अख्खी रक्कम त्याने आकड्यात भरली आणि बोट बटणावर ठेवलं. वीस सेकंद. भाकरी थापायचा आवाज थांबला. दहा. कूलर थांबला, पाणी संपून की कसं, कोण जाणे. पाच. बाहेर एक कुत्रं विव्हळायला लागलं. मग दुसरं. मग सगळी आळी.

शेवटचा सेकंद अर्धा उरला असेल. निकेशने दाबलं.

त्याच्या पाठीमागे काहीतरी गुरगुरलं.

पडद्यावर त्याचं नाव वर गेलं, आणि खाली आलं. एक सदस्य.

निकेश वळला नाही. वळलं की काय दिसेल, याची त्याला बऱ्यापैकी कल्पना आली होती आणि ती बरोबर ठरू नये असं त्याला वाटत होतं. मग तो वळला. फोटोतले बंडूजी खालून उजळले होते. हाराच्या सावल्या त्यांच्या गालांवर हलत होत्या. फोटोखालच्या फळीवर, अगरबत्तीच्या घरामागे, त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो एकदा थरथरला आणि त्याच्यावर अक्षरं आली.

'अभिनंदन बंडूजी. भोंगा तुमचा झाला.'

"आई," निकेशने हाक मारली. "बाबाचा फोन चालू काऊन आहे?"

प्रमिलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "चार्जिंगले लावलेला आहे म्हणून."

"तसं नाई. माणूस गेल्यावर फोन बंद करते."

"मी नाई केला. रिचार्ज बी टाकते ना मी, भिशीच्या पैशातून." त्यांनी हात पदराला पुसले. "तळेगावचा कोणी किसनराव आहे, त्याचा फोन येते अधूनमधून. मी सांगते, ते घरी नाईत."

"ते गेले असं काऊन नाई सांगत?"

"सांगता येत नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या.

प्रेरणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा परीक्षेत पकडलेल्या मुलीसारखा झाला होता. "अजी, चिडू नका. ते ॲप मीच शिकवलं होतं बाबांले. त्यांले त्याच्यात भोंगा दिसलाता. 'लवकरच येत आहे' असं लिहून होतं त्याच्यावर. मंग त्याहिनं 'शेवटचा हात' चालू करून घेतला माह्याकडून."

'शेवटचा हात' निकेशला माहीत होता, पण कमीपणाचा म्हणून त्याने तो कधी वापरला नव्हता. एकदा लावून ठेवला की फोन आपणहून शेवटच्या सेकंदाला बोली टाकतो. वस्तू पुन्हा आली की पुन्हा टाकतो.

"मले विचारलं त्याहिनं," प्रेरणा म्हणाली, "माणूस जागेवर नसला तरी चालते का? मी म्हटलं, चालते बाबा, फक्त फोन चालू पाह्यजे. आणखी बी काहीतरी विचारलं होतं, आता मले याद नाई."

"वरची हद्द किती टाकली होती?"

"सारे नऊच नऊ. मावतीन तितके."

निकेश खाली बसला. तो वैशाखात, आपल्या कूलरच्या पैशांनी, स्वतःच्या बापाविरुद्ध बोली लावत होता. तो मध्ये पडला नसता तर बंडूजींना भोंगा पहिल्याच दिवशी शंभर-दीडशेत पडला असता. तिन्ही लिलावांत भाव त्यानेच चढवला होता.

"फोन बंद करतो," तो म्हणाला. "किसनरावाले सांगतो बाबाचा नकार आहे म्हणून. मंग मी घेतो, कमी भावात."

"हात नोको लावू," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आई, दहाव्याले मी बाबाले भोंगा कबूल केला. तेव्हाच तं कावळा शिवला."

"तुह्या बोलण्यानं नाई शिवला तो."

"मंग?"

"तू पुटपुटला अन् त्याच टायमाले मी मनात म्हटलं, तुमचा फोन मी बंद नाई होऊ देत." प्रमिलाबाई फोटोकडे पाहत म्हणाल्या. "मले माहीत होतं त्यांचा जीव त्याच्यात आहे. दिवसभर छातीवर घेऊन राहे. मी म्हटलं, अन् कावळा उतरला."

कावळ्याने नेमकी कोणाची बोली स्वीकारली, हे ठरवायला काही मार्ग नव्हता. दोन्ही एकाच सेकंदाला पडल्या होत्या. एक पाळायची तर दुसरी मोडत होती. फोन चालू ठेवला तर निकेशला भोंगा मिळत नव्हता. बंद केला तर आईचा शब्द जात होता. नकार द्यावा, तर प्रमिलाबाई म्हणाल्या, "त्याहिनं मागतलेली वस्तू मी त्यांच्या नावानं नोको म्हणू?" दाराबाहेर नखं वाजली.

"मंग बाबालेच जिंकू द्या ना," प्रेरणा म्हणाली. "जिंकलेच आहेत ते. आपण फक्त पैसे टाका."

हे इतकं सोपं होतं की निकेशला राग आला. त्याने पैसे टाकले. नवा कूलर गेला. जुन्यावर वैशाख काढणं अवघड होतं, म्हणून त्याच संध्याकाळी त्याने स्वतःची गिटार 'जुनंसोनं'वर चढवली. ती त्याला बारावी झाल्यावर बंडूजींनी नागपूरहून आणून दिली होती. एसटीत उभ्याने आणली होती, कारण सीटवर गिटार बसली होती. पण तिला वर्षभरात हात लागलेला नव्हता, आणि नियम म्हणजे नियम.

चार दिवसांनी किसनराव स्वतः छोट्या टेम्पोत भोंगा घेऊन केळझरला आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम गृहस्थ. भोंगा त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवला. "बंडूजीले बोलवा. घेणाऱ्याचा चेहरा घ्या लागते वस्तूसोबत, नाहीतर ॲप मले पैसे सोडत नाई."

"ते घरी नाईत," प्रमिलाबाई म्हणाल्या.

किसनरावांनी आवाज ओळखला. मान वर करून ते काही बोलणार, तोच त्यांची नजर फोटोवर गेली. फोटोखालचं नाव त्यांनी वाचलं. त्याखालची तारीख वाचली. मग ते प्लास्टिकच्या खुर्चीवर सावकाश बसले आणि बराच वेळ त्या तारखेकडे पाहत राहिले. पहिल्या लिलावाच्या दोन महिने आधीची होती.

"फोनवर तुम्हीच का?"

"हाव."

"पाणी मिळन का?"

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "चेहरा तं लागनच." व्यापारी माणूस. निकेशने भोंगा उचलून फोटोच्या खाली धरला आणि किसनरावांनी ॲपचा कॅमेरा रोखला. पडद्यावर बंडूजींच्या चेहऱ्याभोवती पिवळं वर्तुळ फिरू लागलं. खाली सूचना आली: 'कृपया डोळे मिचकवा.'

चौघंही फोटोकडे पाहत होते. आणि खरं सांगायचं तर चौघांनाही त्यांनी मिचकवू नयेत असं वाटत होतं. दारातून गरम वाऱ्याची झुळूक आली, हार हलला, हाराची सावली बंडूजींच्या डोळ्यांवरून एकदा गेली आणि परत आली.

'धन्यवाद बंडूजी,' ॲप म्हणालं. हिरवी खूण उमटली.

किसनराव चहाला थांबले नाहीत. टेम्पो वळणावर गेल्यावरही त्याचा हॉर्न वाजत होता. समोर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निकेश भोंगा घेऊन ओट्यावर उभा राहिला. मुठीला तेल दिलं होतं. कावळा भिंतीवर होता. आळीतली दारं बंद होती, पण फटींतून डोळे दिसत होते. निकेशने घड्याळ धरलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणाच्या पुढे जायचं नव्हतं आणि कोणाच्या मागेही राहायचं नव्हतं. बाराला त्याने मूठ फिरवली.

आधी नुसती खरखर आली. मग खोल कुठूनतरी आवाज सुरू झाला, चढत गेला, केळझरच्या टेकडीवर जाऊन आदळला आणि गावभर पसरला. कुत्र्यांनी माना वर करून मनापासून साथ दिली. इतके दिवस बिचारी पेटीशिवाय गात होती. समोरचं दार उघडलं. म्हातारे शेजारी बाहेर आले, हातातलं घड्याळ कानाला लावलं, काटा जरासा सरकवला आणि आत गेले. स्वयंपाकघरात प्रमिलाबाईंनी सवयीने भाताचं भांडं उतरवलं आणि मग तिथेच पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या.

कावळा उडाला. तो तृप्त होऊन गेला की घाबरून, हे सांगता येणार नाही. पुन्हा मात्र आला नाही.

निकेशने मूठ सोडली. आवाज हळूहळू उतरत गेला. त्याला छातीत फार हलकं वाटत होतं. मग उतरत्या आवाजाच्या तळाशी, घरातून, एक ओळखीची गुरगुर ऐकू आली.

तो आत धावला. बंडूजी खालून उजळले होते.

'अभिनंदन बंडूजी. गिटार तुमची झाली.'

त्याच वेळी निकेशच्या खिशातला फोनही वाजला. त्याची वस्तू विकली गेली होती. घेणारा, एक सदस्य. पत्ता, केळझर.

"आता आठवलं मले," दारातून प्रेरणा म्हणाली. "बाबांनी विचारलं होतं, एकाच माणसाच्या साऱ्या वस्तूंवर 'शेवटचा हात' लावून ठेवता येते का? तो जे विकन ते. मी म्हटलं, येते. मले काय माहीत तो माणूस तुम्ही म्हणून."

निकेशने आतून गिटार आणली, फडक्याने पुसली, फोटोखाली धरली आणि ॲपने सांगितल्यावर हार हलवला. पैसे बंडूजींच्या वतीने त्यानेच भरले आणि स्वतःच घेतले. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणण्याचा वाहतूक खर्च तेवढा ॲपने कापला.

प्रमिलाबाईंनी फोनची वायर नीट खोचली. "निकेश, उद्या रिचार्ज संपते याचा. माह्या भिशीत आता काही नाई. तू टाकून देजो."

निकेशने टाकला. वर्षभराचा.